चिकटतंय म्हणून पीठ घालू नका

गेल्या अंकात यीस्ट घालून घरी करायच्या डिनर रोलची कृती दिली होती, आणि त्यावर इतकी पत्रं आली की हा सगळा कॉलम त्यांनाच द्यायचं ठरवलं. काहींचे पहिल्या फटक्यात लुसलुशीत झाले, फोटो बघून खूप बरं वाटलं. पण बऱ्याच जणांची तक्रार एकच, दिसायला छान पण खायला वातड, किंवा गरम असताना मऊ आणि सकाळी बघतो तर कडक. तुम्ही लोणी, दूध, अंडं असं सगळं चांगलं घालून, दोन-तीन तास देऊन रोल करता आणि ते असे निघतात तेव्हा किती हिरमोड होतो ते मला माहीत आहे, म्हणून जरा सविस्तरच लिहिते.

ज्यांच्या हातात तो अंक नाही त्यांच्यासाठी प्रमाण परत देते. मैदा ५०० ग्रॅम, कोमट दूध २८० ग्रॅम, एक अंडं, साखर ५० ग्रॅम, मऊ बटर ६० ग्रॅम, मीठ ९ ग्रॅम म्हणजे सपाट दीड चहाचा चमचा, आणि इन्स्टंट यीस्ट ७ ग्रॅम. याचे साधारण ५० ग्रॅमचे १८ उंडे होतात आणि २३ बाय ३३ सेंटिमीटरच्या ट्रेमध्ये तीन-तीनच्या सहा ओळी बसतात. मळायचं, फुगवायचं, उंडे करून ट्रेमध्ये मांडायचे, परत फुगवायचे आणि १८० अंश सेल्सिअसला भाजायचे, एवढंच आहे.

ताई, तुमच्या प्रमाणाने पीठ इतकं चिकट झालं की हातालाच लागून राहिलं. मग वरून मैदा घातला, वाटीभर तरी गेला असेल. गोळा मस्त गुळगुळीत झाला पण रोल वातड आणि जड. प्रमाण लिहिताना काही चुकलंय का?

प्रमाण बरोबर आहे हो, ती वरची वाटी नडली. आणि तुम्ही एकट्या नाही, याच अर्थाची खूप पत्रं आहेत, म्हणून याचं उत्तर सगळ्यात आधी आणि सगळ्यात मोठं देते.

हे पीठ सुरुवातीला चिकटणारच, तसंच ते असायला हवं. मैद्यात ग्लुटेनिन आणि ग्लायाडिन अशी दोन प्रथिनं असतात, ओलावा मिळाला की ती एकमेकांत गुंतून ग्लुटेनची जाळी तयार होते, आणि यीस्टने सोडलेला कार्बन डायऑक्साइड याच जाळीत अडकून रोल फुगतो. पण ही जाळी दूध ओतल्या ओतल्या तयार होत नाही. पिठाला ओलावा प्यायला वेळ लागतो आणि तोपर्यंत तो सगळा बाहेरच असतो, म्हणून हाताला चिकटतं. आपल्याला वाटतं दूध जास्त झालं, आपण मैदा घालतो, लगेच बरं वाटतं, आणि वीस मिनिटांनी त्याच पिठाने सगळा ओलावा पिऊन घेतला की गोळा घट्ट होऊन बसतो. घट्ट पीठ नीट ताणलं जात नाही, त्यामुळे आतली हवा त्याला फुगवू शकत नाही. रोल लहान, दाट आणि वातड होतो तो असा.

त्यामुळे मैदा घालायच्या ऐवजी थांबा. बटर सोडून सगळं एकत्र करा, कोरडं पीठ कुठे दिसत नाही इतपतच कालवा आणि भांडं झाकून २० मिनिटं बाजूला ठेवा. नुसतं पीठ आणि पाणी कालवून असं थांबण्याची पद्धत रेमंड काल्व्हेल या फ्रेंच प्राध्यापकांनी १९७४ मध्ये मांडली, ते त्यात मीठ आणि यीस्ट नंतर घालायचे, आपण घरी सगळ्यासकट थांबलो तरी फायदा होतोच. आधी जे पीठ ओढलं की दाट चिखलासारखं तुटत होतं ते वीस मिनिटांनी ओढून बघा, रबरासारखं लांब होतं आणि हात न लावताच त्याचं निम्मं मळणं झालेलं असतं.

मग मळायला घ्या. हाताला मैदा लावायचा नाही, तेलाचा थेंब किंवा पाणी लावायचं. ओट्यावर गोळा उचलून आपटायचा, लांब झालेलं टोक परत त्याच्यावरच दुमडायचं, पाव फेरा फिरवायचा, परत आपटायचा. ओट्याला चिकटलं तर स्क्रेपरने किंवा सपाट उलथन्याने खरवडून त्यातच घ्यायचं. सात-आठ मिनिटांनी ओटा आपोआप स्वच्छ व्हायला लागतो, पीठच ओट्यावरचं पीठ गोळा करतं, तेव्हा समजायचं जमतंय. आता बटर घाला, थोडं थोडं करून. बटर गेल्यावर दोन मिनिटं सगळं परत विस्कटतं, बुळबुळीत होतं, तुकडे पडतात, आणि इथे परत मैदा घालायचा मोह होतो. घालू नका! मळत राहा, चार-पाच मिनिटांत परत एकजीव होतं आणि आधीपेक्षा तुकतुकीत दिसतं.

झालं की नाही हे कसं कळायचं, तर लिंबाएवढा गोळा तोडून दोन्ही हातांच्या बोटांनी हळूहळू चारी बाजूंनी ताणायचा आणि खिडकीच्या उजेडासमोर धरायचा. पातळ पडदा होऊन बोटांची सावली पलीकडून दिसली आणि पडदा फाटला नाही तर झालं. फाटला आणि फाटलेली कड खडबडीत असली तर अजून तीन मिनिटं.

आणि कपाने मोजत असाल तर गडबड तिथूनच सुरू झालेली असू शकते. चमच्याने हलक्या हाताने भरलेला कप साधारण १२० ग्रॅमचा होतो, तोच कप डब्यात खुपसून भरला तर १५० च्या वर जातो. चार कपांमागे १२० ग्रॅमचा फरक, म्हणजे मळायला घ्यायच्या आधीच एक कप मैदा जादा! डिजिटल वजनकाटा घ्या, या कामात त्याच्याइतका फरक दुसऱ्या कुठल्याच वस्तूने पडत नाही. मी कित्येक वर्षं मळताना मैद्याचा डबा शेजारी ठेवायचे, हात आपोआप तिकडे जायचा. आता मोजून घेतला की डबा परत कपाटात जातो, तेवढ्या एका सवयीने माझे रोल बदलले.

मावशी, यीस्ट दुधात घातलं, पंधरा मिनिटं झाली तरी फेस नाही. तारीख उलटलेली नव्हती. तरी तसंच पुढे केलं आणि रोल फुगलेच नाहीत, सगळं टाकून द्यावं लागलं. दूध चांगलं गरम घेतलं होतं.

शेवटच्या वाक्यात उत्तर आहे बघा. यीस्ट जिवंत असतं, साधारण ५५ ते ६० अंशांना मरतं. 'चांगलं गरम' दूध सहज याच्या वर असतं. पाण्यात किंवा दुधात भिजवायचं असेल तर ते ३८ ते ४३ अंश असावं. थर्मामीटर नसेल तर करंगळी बुडवून दहापर्यंत मोजा, सहज ठेवता आली, उबदार वाटलं पण चटका नाही, तर बरोबर. शंका आली तर थोडं कमी गरम घ्या, यीस्ट सावकाश काम करेल पण मरणार तरी नाही.

अगदी गार पाण्यातही कोरडं यीस्ट थेट भिजवू नये, हे फारसं कुणी सांगत नाही. गार पाण्यात त्याच्या पेशींमधून ग्लुटाथायोन नावाचा पदार्थ झिरपतो आणि तो ग्लुटेन सैल करतो, मग पीठ कितीही मळा चिकटच राहतं.

तुमच्या पाकिटावर काय लिहिलंय तेही बघा, कारण दोन प्रकार मिळतात. ॲक्टिव्ह ड्राय यीस्टचे दाणे जाडसर असतात, ते आधी भिजवावं लागतं. इन्स्टंट बारीक असतं, ते सरळ मैद्यात मिसळायचं, फेसाची वाट बघायची गरज नाही. माझं प्रमाण इन्स्टंटचं आहे. ॲक्टिव्ह ड्राय असेल तर ९ ग्रॅम घ्या, ताजं ओलं यीस्ट असेल तर साधारण २१ ग्रॅम.

पुढच्या वेळी शंका आली तर दूध, अंडं, बटर काही वाया घालवू नका. अर्धा कप कोमट पाणी, एक चमचा साखर, एक चमचा यीस्ट, दहा मिनिटं. वर फेसाची टोपी आली तर चालू आहे, नाही आली तर फक्त चमचाभर यीस्ट गेलं. उघडलेलं पाकीट हवाबंद बरणीत फ्रीझरमध्ये ठेवा, बाहेर ठेवलं तर हवेतल्या ओलाव्याने त्याचा जोर लवकर जातो, छापलेली तारीख ही न उघडलेल्या पाकिटाची असते.

आणि अजून एका पत्रात विचारलंय की मिठाने यीस्ट मरतं का. कोरडं यीस्ट आणि मीठ थेट एकावर एक ओतून ठेवू नका एवढंच, मैद्यात दोन्ही मिसळलं की एवढ्या मिठाने काही बिघडत नाही. उलट मीठ यीस्टचा वेग आटोक्यात ठेवतं आणि ग्लुटेनला बळ देतं. मीठ विसरलात तर पीठ सैल पडतं आणि वाजवीपेक्षा भराभर फुगतं, चव तर जातेच.

कृतीत लिहिलंय एक तास फुगवा. माझं तासाभरात जेमतेम हललं होतं. पण लिहिलंय म्हणून पुढे गेले आणि रोल बसके झाले. किती वेळ ठेवायचं ते नक्की सांगा ना.

नक्की वेळ सांगता येत नाही, आणि खरं तर मी गेल्या अंकात 'एक तास' लिहायलाच नको होतं, त्यामुळे तुमच्यासारख्या बऱ्याच जणींची गडबड झाली. मळून झाल्यावर पीठ २६-२७ अंशांचं असेल आणि खोलीही तशीच असेल तर तासाभरात दुप्पट होतं. पण दूध फ्रीजमधून तसंच घेतलं, अंडं गार, खोली २० अंशांची, तर दोन तासही लागतील. यात साखर आणि बटर असल्यामुळे हे पीठ साध्या ब्रेडच्या पिठापेक्षा तसंही हळू चालतं. साखर जास्त झाली की पाणी तिच्याकडेच ओढलं जातं आणि यीस्टला कमी पडतं, म्हणून गोड आवडतं म्हणून साखर वाढवत नेली तर फुगायला फार वेळ लागेल.

घड्याळाऐवजी भांडं बघा. सरळ बाजूचा डबा किंवा बरणी घ्या, पीठ कुठपर्यंत आहे तिथे बाहेरून रबरबँड लावा, आणि त्याच्या दुप्पट उंचीपर्यंत येईल तेव्हा झालं. गोल तळाच्या भांड्यात दुप्पट म्हणजे किती ते डोळ्यांना कळतच नाही. खोली गार असेल तर बंद ओव्हनमध्ये ठेवा, ओव्हन चालू न करता, शेजारी एक वाटी कढत पाणी. दार उघडत राहू नका.

उंडे केल्यावरचं दुसरं फुगणं जास्त नाजूक असतं. ट्रेमध्ये मांडताना दोन उंड्यांत बोटभर फट असते, ती भरून ते एकमेकांना टेकले पाहिजेत. मग एका उंड्याला ओलं बोट हळूच अर्धा सेंटिमीटर दाबा. खळगा झटकन भरून आला तर अजून वेळ आहे. सावकाश, अर्धवट भरून आला तर आत्ता भाजायला घाला. खळगा तसाच राहिला किंवा उंडा बसल्यासारखा झाला तर जास्त फुगलंय, अशा वेळी घाबरू नका, सगळे उंडे काढून हवा दाबा, परत वळा, परत मांडा, यावेळी लवकर फुगतील तेव्हा लक्ष ठेवा. लवकर भाजले तर कडेने फाटतात आणि आतून घट्ट राहतात, उशीर केला तर ओव्हनमधून काढल्यावर सुरकुत्या पडून बसतात. बसके रोल बघून कुठली चूक झाली हे ओळखायचं तर एक मधून कापा. दाट आणि ओलसर असेल तर कमी फुगलं होतं, मोठी मोठी भोकं आणि वर बसकं असेल तर जास्त.

गरम असताना अगदी मऊ असतात हो, पण दुसऱ्या दिवशी कडक. हवा लागू नये म्हणून डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवते तरी.

फ्रीजमध्ये ठेवता म्हणूनच!

आपल्याला वाटतं ब्रेड वाळला म्हणून कडक झाला. पण १८५२ मध्ये बूसँगो नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की पाणी अजिबात उडू न देता ठेवलेला ब्रेडही शिळा होतो, आणि परत गरम केला की ताजा होतो. म्हणजे पाणी आतच असतं, बदलतो तो स्टार्च. भाजताना मैद्यातला स्टार्च पाणी पिऊन मऊ, सैल होतो, गार झाल्यावर तो हळूहळू परत आवळून रचला जातो आणि रोल कडक लागतो. हे आवळणं फ्रीजच्या तापमानाला सगळ्यात जोरात होतं, फ्रीझरमध्ये जवळजवळ थांबतं. त्यामुळे एक-दोन दिवसात संपणार असतील तर बाहेर हवाबंद डब्यात, नाहीतर पूर्ण गार झाल्यावर पिशवीत घालून सरळ फ्रीझरमध्ये. मधली जागा या रोलसाठी नाहीच. खायच्या वेळी फॉइलमध्ये गुंडाळून १६० अंशांना दहा मिनिटं, परत जवळजवळ पहिल्यासारखे होतात. मायक्रोवेव्हमध्येही होतात पण पंधरा सेकंदांच्या वर नको आणि लगेच खायचे, गार झाले की चामट.

मुळातच दोन-तीन दिवस मऊ राहायला हवे असतील तर एक युक्ती आहे, तिला तांगझोंग म्हणतात, आणि ती शिकल्यापासून मी तिच्याशिवाय रोल करतच नाही. ५०० ग्रॅम मैद्यातला ३० ग्रॅम आणि मोजलेल्या दुधातलं १५० ग्रॅम वेगळं काढा, छोट्या पातेल्यात गार असतानाच गुठळी न राहता कालवा आणि मंद गॅसवर सतत हलवत राहा. दोन-तीन मिनिटं काहीच होत नाही, मग एकदम दाट व्हायला लागतं. साधारण ६५ अंशांना स्टार्च फुगून पाणी धरून ठेवतो ते हे. चमचा फिरवला की तळाला क्षणभर रेघ राहते, तिथे गॅस बंद. कोमट होऊ द्या आणि बाकीच्या दुधाबरोबर घाला, वर अजून ३० ग्रॅम दूध जास्त घाला कारण या लापशीने बरंच पाणी धरून ठेवलेलं असतं आणि मळताना ते हाताला जाणवत नाही. एवढा जास्तीचा ओलावा घेऊनही पीठ आवरता येतं, आणि तो ओलावा भाजल्यावरही आतच राहतो.

दूध आधी उकळीपर्यंत तापवून मग कोमट करून घेतलंत तर तेही चांगलं. कच्च्या दुधातली काही प्रथिनं ग्लुटेनला थोडी सैल करतात, तापवल्यावर त्यांचा तो जोर जातो.

अंड्याशिवाय होतील का?

होतील. अंड्याच्या जागी ४० ग्रॅम दूध आणि १० ग्रॅम बटर वाढवा. अंड्याच्या पिवळ्या बलकातल्या लेसिथिनमुळे आतला पोत जास्त नाजूक होतो, तेवढा फरक पडतो, पण तांगझोंग केलंत तर जाणवणार नाही. वरून अंडं फासायच्या ऐवजी दूध फासा.

माझा ओव्हन लहान आहे. वरून दहा मिनिटांत काळपट होतात आणि आतून गिच्च. तापमान कमी केलं तर पांढरे आणि वाळलेले निघतात.

लहान ओव्हनमध्ये वरची कॉइल ट्रेच्या फार जवळ असते, तिचीच ही करामत. या रोलमध्ये साखर, दूध, अंडं आहे आणि ते सगळं लवकर लाल होतं. ट्रे एक पायरी खाली घ्या, १८० च ठेवा, आणि वरून हवा तसा बदामी रंग आला की, मग तो दहाव्या मिनिटाला का येईना, फॉइल अलगद टाका, चेपून बसवू नका. एकूण वेळ १८ ते २२ मिनिटं लागू द्या. ओव्हन आधी किमान पंधरा मिनिटं तापलेला हवा, आणि त्याच्या बटणावरचा आकडा खरा असेलच असं नाही, आतमध्ये ठेवायचा छोटा ओव्हन थर्मामीटर मिळतो, माझ्या ओव्हनमध्ये तो २० अंशांचा फरक दाखवायचा आणि तोपर्यंत मी पिठालाच दोष देत बसले होते.

तापमान कमी करून जास्त वेळ ठेवणं हा उपाय नव्हे, तेवढ्या वेळात पाणी उडून जातं आणि रोल वाळतो. आत झालं की नाही यासाठी टोचायचा थर्मामीटर सगळ्यात भरवशाचा, मधल्या रोलच्या पोटात ८८ ते ९० अंश दिसले की लगेच बाहेर. नसेल तर मधले दोन रोल किंचित वेगळे करून बघा. जोडावरची बाजू कापसासारखी तंतूतंतूंनी सुटली तर झाले, ओली चकाकी दिसली तर अजून तीन मिनिटं. खालून वाजवून बघतात ती पद्धत कडक सालीच्या ब्रेडला ठीक, इथे मऊ रोलला काही कळत नाही.

मैद्याऐवजी पूर्ण गव्हाचं पीठ घेतलं तर? घरात मैदा नको म्हणतात.

सगळंच गव्हाचं पीठ घेऊन मैद्यासारखे मऊ होणार नाहीत, हे आधीच सांगते म्हणजे निराशा नको. कोंड्याचे कण ग्लुटेनच्या जाळीत मध्ये मध्ये येतात आणि तिला कापतात, शिवाय पाणी खूप पितात. निम्मं-निम्मं घ्या, दूध ३० ते ४० ग्रॅम वाढवा, आणि पहिल्या वीस मिनिटांऐवजी चाळीस मिनिटं झाकून ठेवा म्हणजे कोंडा भिजून मऊ पडतो. पीठ सैल वाटेल, सैलच असू द्या. यात तांगझोंगचा उपयोग मैद्यापेक्षाही जास्त होतो.

पाहुणे सकाळी येणार, मला गरम रोल द्यायचेत, पण पहाटे तीनला उठणं शक्य नाही.

उठू नका. रात्री मळा, अर्धा-पाऊण तास बाहेर फुगायला सुरुवात होऊ द्या, उंडे करून ट्रेमध्ये मांडा, ट्रे प्लास्टिकने घट्ट झाका आणि फ्रीजमध्ये. इथे फ्रीज चालतो कारण हे अजून कच्चं पीठ आहे, आवळणारा स्टार्च भाजल्यानंतरचा. थंडीत यीस्ट अगदी सावकाश चालतं आणि चवही मुरते, मला तर हेच रोल जास्त आवडतात. ८ ते १२ तास चालेल. सकाळी बाहेर काढून खोलीच्या तापमानाला येऊन फुगायला तास-दीड तास द्या, परत तीच बोटाची परीक्षा, मग भाजा. यीस्ट ७ ऐवजी ५ ग्रॅम घेतलंत तरी पुरेल. दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत ठेवलंत तर दारूसारखा आंबूस वास येतो, यीस्ट साखर खाऊन अल्कोहोलही सोडतं त्याचा तो वास, आणि पीठही थकून पसरतं, तेवढं थांबू नका.

उंडे गोल होतच नाहीत, वरती भेगा आणि खाली चीर. आणि वरून काय लावता, इतके चमकतात तुमचे?

ओट्यावर मैदा भुरभुरवलेला असेल तर उंडा नुसता घसरतो, गोल होत नाही. ओटा कोरडा आणि स्वच्छ ठेवा. ५० ग्रॅमचा तुकडा घ्या, त्याच्या कडा ओढून मध्यावर आणा, चिमटीत एकत्र करा, ती चीर खाली करून ठेवा आणि पंजाची पोकळ टोपी त्याच्यावर उपडी घालून ओट्यावर छोट्या छोट्या गोलात फिरवा. खालचा भाग ओट्याला किंचित चिकटतो, त्यामुळे वरची कातडी ताणली जाते, तळहाताखाली तो घट्ट होत जातो ते जाणवतं. आठ-दहा फेऱ्यांत होतो. वर भेग पडायला लागली की थांबा, जास्त ताणलं गेलंय, पाच मिनिटं झाकून ठेवलं की परत ऐकतं. चीर नेहमी खालीच राहू द्या नाहीतर भाजताना उघडते.

गोलच हवा असं काही नाही. बॉस्टनच्या पार्कर हाउस हॉटेलचे रोल एकोणिसाव्या शतकापासून प्रसिद्ध आहेत, ते चपटी चकती करून वर बटर फासून अर्ध्यात दुमडतात, भाजल्यावर तोंड आपोआप उघडतं आणि पुस्तकासारखे दोन भाग होतात. गोल वळायला जमत नसेल तर ते करून बघा, सोपे आहेत.

चमक हवी असेल तर एक अंडं आणि चमचाभर दूध फेटून भाजायच्या आधी मऊ ब्रशने लावा, अगदी हलक्या हाताने, फुगलेला उंडा दाबला तर बसतो. नुसतं दूध लावलं तर रंग येतो, चमक कमी. मी हल्ली आधी दूधच लावते आणि ओव्हनमधून काढल्या काढल्या, रोल हाताला चटका देत असतानाच, वितळलेलं बटर फिरवते आणि ट्रेवर स्वच्छ कोरडा फडका टाकते. दहा मिनिटं आतल्याच वाफेने वरची साल मऊ पडते. मग ट्रेमधून काढून जाळीवर ठेवते, ट्रेमध्येच राहिले तर तळ ओला होतो.